डब्याच्या कडा गोल केल्या, आता ॲव्हरेजचा हिशेब

मागे माझ्या पिकअपचे, हौद्यावर राहायचा-झोपायचा डबा बांधलेल्या गाडीचे, फोटो टाकले तेव्हा निम्म्या लोकांचा एकच प्रश्न होता: एवढा डबा पाठीवर घेऊन ॲव्हरेज काय देते? मी गप्प बसलो, कारण आकडा सांगायची लाज वाटत होती. रिकाम्या हौद्याने लिटरला 12.8 किमी देणारी पिकअप डबा चढवल्यावर 9.6 वर आली होती.

चूक डबा बांधतानाच झाली. चौकोनी पाइपचा सांगाडा, वर पत्रा, सगळ्या कडा काटकोनात. केबिनच्या टपावर पुढे आलेलं झोपायच्या जागेचं नाक म्हणजे 1.8 मीटर रुंदीची उभी भिंतच. ताशी 90 ला त्या भिंतीच्या मधोमध दर चौरस मीटरला सुमारे 38 किलोंचा रेटा बसतो. पण समोरचा रेटा ही अर्धीच गोष्ट. धारदार कडेवरून हवेला वळता येत नाही, ती पत्रा सोडून लांब उडते आणि मागे भोवरे ओढत राहते.

हे डोळ्यांनी बघायचं होतं. आईच्या विणकामातली उरलेली लाल लोकर घेतली, बोटभर तुकडे केले आणि मास्किंग टेपने डब्याच्या टपावर ओळीने चिकटवले. मागच्या कॅरियरला मोबाइल बांधून गाडी पळवली. व्हिडिओत पुढच्या कडेपासून दोनेक फुटांपर्यंतचे धागे चक्क उलटे, गाडीच्या तोंडाकडे वळून फडफडत होते! त्यामागचे कसेबसे सरळ. कुठे काम करायचं ते तिथेच ठरलं. 1970च्या दशकात नासाच्या कॅलिफोर्नियातल्या ड्रायडन केंद्रातही एका व्हॅनला पत्र्याचा चौकोनी खोका करून मग त्याच्या कडा गोल करत प्रयोग झाले होते. त्यांनाही पुढच्या कडांनीच मोठा फायदा दिला.

माझं साहित्य शेतीच्या पाइपलाइनचं. 200 मिमीचा पीव्हीसी पाइप, भंगारातला दोन मीटरचा तुकडा, उभा चिरून चार फाका. म्हणजे 100 मिमी त्रिज्येची गोलाई आयती मिळाली. नाकावर 10 सेंमी जाडीचा एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखा, पण घट्ट) चिकटवला आणि त्याच्या चारी बाजूंना फाका बसवल्या. चिरल्यावर फाक थोडी आत आवळते, पाइप घडताना राहिलेला ताण सुटतो म्हणून. हीट गनने हळूहळू उघडावी लागते. घाई केली की ती लाटेसारखी होते आणि मग काही केल्या सरळ होत नाही. कोपरे फोमचेच कोरले. त्यांच्यावर इपॉक्सीच लावा, पॉलिएस्टर रेझिनने फोम विरघळतो.

पहिल्यांदा फाका रिव्हेटने घट्ट मारल्या. मार्चमध्ये सगळं छान दिसत होतं. एप्रिलच्या एका दुपारी घरात बसलो असताना बाहेर ‘टक्’ असा आवाज आला, थोड्या वेळाने आणखी एक. वरची फाक तीन भोकांपाशी तडकली होती. 1.8 मीटर पीव्हीसी तीस अंश तापलं तर जवळजवळ 4 मिमी लांबतं, हे मला माहीत होतं. हातात रिव्हेट गन असताना आठवलं नाही, एवढंच. आता फक्त मधला रिव्हेट पक्का आहे, बाकीची भोकं लांबट केलीत आणि खाली पीयू सीलंट, म्हणजे वाळल्यावरही लवचिक राहणारा चिकट मसाला, आहे. रंगही पांढरा दिला.

चाचणी हडपसर ते टेंभुर्णी आणि परत, टाकी फुल टू फुल, एकाच पंपावर, काटा 90 वर. सोलापूर रस्ता सपाट आहे, पण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. जाताना पाठीवर, येताना तोंडावर. एकेरी आकडा काढून खूश होऊ नका. 324 किमीला आधी 33.8 लिटर लागायचं, कडा गोल केल्यावर 31.4.

मग मागचे भोवरे कमी करायला डब्याच्या मागच्या कडांना दुकानाच्या पाट्यांना वापरतात त्या एसीपीचे 25 सेंमीचे फ्लॅप लावले, वर आणि दोन्ही बाजूंना, 12 अंश आत झुकवून, पियानो बिजागरीवर, म्हणजे दार उघडतं. खाली लावला नाही, टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली असती. डिझेल 30.6 वर आलं. एरवी भिगवणपर्यंत मागचं दार चिखलाने इतकं माखायचं की बोटाने नाव लिहावं. आता खालच्या फूटभरातच शिंतोडे असतात.

केबिन आणि नाकामधली फट फोमने बुजवली. तिथून येणारी वाऱ्याची शिट्टी थांबली, डिझेलमध्ये काडीचा फरक नाही.

एकूण खर्च 11,400. शंभर किलोमीटरला लिटरभर वाचतं, म्हणजे पैसे वसूल व्हायला साडेबारा हजार किमी, माझ्या चालीने दोन वर्षं. त्यातून घरच्यांनी विचारलंच, नव्वदऐवजी ऐंशीने गेलास तर? हवेचा रेटा पाचव्या हिश्शाने कमी होतो, फुकटात. मी विषय बदलला.

सध्या डावा फ्लॅप सत्तरच्या पुढे थडथडतोय. बिजागरीला रबर घालून बघतो. गाडीच्या पोटाखाली हवेसाठी लावायचं सपाट झाकण सायलेन्सरच्या उष्णतेपायी अडलंय. कुणी ॲल्युमिनियमचं केलं असेल तर फोटो टाका.