पाऊस लागल्यावरच्या गप्पा

मृगाचा पाऊस लागला की कोकणातली माणसे शेताकडे वळतात आणि मी माणसांकडे वळते. ज्यांच्या कामाची सहसा कोणी चौकशी करत नाही अशा माणसांशी तासन्‌तास बोलायचे आणि ते बोलणे लिहून काढायचे, हा माझा उद्योग गेली सात वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत चालू आहे. त्याचे वेळापत्रक मी ठरवलेले नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. माडांच्या खोडांवर शेवाळ धरते म्हणून नारळ पाडणारा पाडेली वर चढायचे टाळतो. दशावतारी नाटक कंपन्यांचे पेटारे बंद होऊन नट आपापल्या घरी लावणीला परततात. आणि कासवांच्या अंड्यांची राखण तर मे महिन्यातच संपलेली असते. एकदा लावणी आटोपली आणि बाहेर पाऊस कोसळत असला की पडवीत बसलेल्या माणसाला बोलण्याखेरीज फारसे काही करण्यासारखे उरत नाही. दोन-तीन तासांचे निवांत बोलणे फक्त तेव्हाच होते.

हे न कळल्यामुळे पहिली मुलाखत घ्यायला मी भर फेब्रुवारीत गेले होते. मालवणजवळच्या एका गावात नारळांची पाडप चालू होती. माझ्या वहीत बावीस प्रश्न लिहिलेले होते आणि पाडेल्याला दुपारच्या आत तीस माड उरकायचे होते. कमरेला आकडी, आकडीत अडकवलेला कोयता आणि पायात दोरीचा फास अशा तयारीत तो माझ्याशी बोलता बोलता झाडाला भिडला आणि माझा पहिला प्रश्न पूर्ण होईपर्यंत शेंड्याजवळ पोचलाही. ‘इतक्या उंचावर भीती वाटत नाही का?’ हे मी खालून ओरडून विचारले आणि उत्तरादाखल वरून नारळांची एक अख्खी पेंड आली. ‘मॅडम, बाजूक ऱ्हवा!’ एवढे एकच वाक्य त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. बाकी सगळा नारळ पडल्याचा धप्प आवाज आणि माझीच बडबड.

त्याच माणसाकडे मी जुलैत पुन्हा गेले तेव्हा वही पिशवीतच ठेवली. भिंतीवरच्या खुंटीला दोन आकड्या टांगलेल्या होत्या. दोन कशाला, एवढेच विचारले. त्यातली एक त्याच्या वडिलांची होती आणि वडील डावखुरे होते. ते आकडी उलट्या बाजूला बांधत, कोयता डाव्या हाताने काढत, आणि चौदाव्या वर्षी त्यांच्या मागून चढताना या मुलाला प्रत्येक हालचाल आरशात पाहिल्यासारखी उलटी करून शिकावी लागली. वडिलांनी कधी तोंडाने काही शिकवले नाही, फक्त एक नियम सांगितला: ‘सुकलेल्या झावळाक हात लावूचो नाय.’ हिरवे झावळ माणसाचा भार पेलते, सुकलेले बुंध्यापासून निखळून हातात येते. भीतीचा विषय मग न विचारता निघाला, पण ती उंचीची भीती नव्हती. शेंड्यात गांधीलमाश्यांचे पोळे असले तर दोन्ही हात अडकलेले असताना काय करायचे, याची ती भीती होती. फेब्रुवारीतला माझा प्रश्न जमिनीवरच्या माणसाचा होता, म्हणून त्याला उत्तर मिळाले नव्हते.

त्या दुपारी त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या बावीस प्रश्नांत कुठेच नव्हती. माडावरून गावातली सगळी छपरे दिसतात. कोणाची कौले जाऊन पत्रे आले, कोणाच्या पाठच्या अंगणात गवत माजले, कोणाचे चाकरमानी या वर्षी गणपतीलाही आले नव्हते, हे त्याला ग्रामपंचायतीच्या आधी कळते. काही बागांचे मालक आता मुंबईतच असतात आणि तिथले नारळ कोणाकडे पोचवायचे हे त्यालाच फोनवर सांगितले जाते. बंद घरांची ही मोजणी तो गेली तीस वर्षे न लिहिता करत आला आहे. अशा वेळी मला कातळशिल्पांची आठवण होते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सड्यांवरची, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारांवरची, ही शिल्पे शोधत गावोगाव फिरले तेव्हा सड्यावर गुरे चारणाऱ्या आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना विचारतच त्यांना वाट सापडत गेली. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण गुराख्याला त्या रेषा लहानपणापासून ठाऊक होत्या. त्याला कोणी विचारले नव्हते, म्हणून तो बोलला नव्हता.

तरीही, फक्त पावसाळ्यात भेटून भागत नाही, हे मला कासवांच्या राखणदाराने शिकवले. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली कासव संरक्षण सुरू केले आणि पुढे किनाऱ्यावरच्या इतर गावांतही ते काम पसरले. मी ज्यांच्याशी बोलले ते अशाच एका गावचे, साठीतले गृहस्थ. जानेवारीत मी त्यांच्याबरोबर पहाटे चारला पुळणीवर चालले. विजेरी बंद ठेवून ते माझ्या पुढे दहा पावले चालत होते आणि मला काहीही दिसत नसलेल्या जागी अचानक थांबले. समुद्रातून वर आलेला आणि पुन्हा समुद्रात गेलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग तिथे होता. मादी निघून गेली होती. त्यांनी एका काठीने वाळू हलकेच चाचपायला सुरुवात केली, चार-पाच ठिकाणी टोचून एका जागी थांबले आणि गुडघ्यांवर बसून हातांनी उकरू लागले. दीड फुटावर टेबल-टेनिसच्या चेंडूंसारखी पांढरी अंडी लागली. ती त्यांनी एकेक करून, जशी होती तशीच उचलली. घातल्यानंतर काही तासांनी अंड्यातला जीव कवचाला आतून चिकटतो आणि मग अंडे उलटेसुलटे झाले तर तो मरतो, म्हणून ही घाई आणि म्हणूनच हा हळुवारपणा. मोजली तेव्हा एकशे अठरा भरली. तेवढ्याच खोलीचा, तसाच तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद खड्डा कुंपणाच्या आत खणून ती त्यात ठेवली गेली. या सगळ्या वेळात आम्ही बहुधा वीस शब्द बोललो असू.

जुलैत त्यांच्या घरी मी पहिली गोष्ट विचारली ती त्या काठीची. नेमकी जागा काठीला कशी कळते? ते बराच वेळ गप्प राहिले. आतून चहा आला, पिऊन झाला. मग म्हणाले, ‘बाय, ती काठी आधीपासूनची आहे.’ लहानपणी ते भावंडांबरोबर अंडी काढायला जायचे, घरी खायला आणि उरली तर विकायला. या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, हे त्या काळात त्यांच्या गावात कोणाला माहीत नव्हते. उकरलेली वाळू आजूबाजूच्या वाळूपेक्षा भुसभुशीत असते आणि काठी तिथे किंचित जास्त आत जाते, हे ज्ञान ज्या हाताने अंडी पळवताना मिळवले, तोच हात आज ती राखायला लागतो. कासव महोत्सवाला आलेल्या पर्यटकांसमोर, पिल्ले पाण्याकडे सुटत असताना आणि सगळ्यांचे कॅमेरे रोखलेले असताना, हे बोलणे शक्य नव्हते. आणि पहाटेची ती काठी मी डोळ्यांनी पाहिली नसती तर जुलैत मला विचारायला काही सुचलेच नसते. म्हणून आता माझा शिरस्ता असा आहे की हंगामात एकदा जाऊन गप्प बसायचे आणि पावसात पुन्हा जाऊन विचारायचे.

एक बातमी मात्र मी मोठ्या उत्साहाने घेऊन गेले होते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची कासवीण थेट पश्चिम किनाऱ्यावर! हे ऐकून ते चकित होतील अशी माझी समजूत होती. त्यांना ते गुहागरच्या मित्राने त्याच आठवड्यात फोनवर सांगितले होते.

ध्वनिमुद्रणाचीही एक फजिती इथेच सांगून टाकते. देवगडकडे एका वृद्ध रापणकराशी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरणाऱ्याशी, मी दोन तास बोलले आणि घरी येऊन ऐकले तर पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता वारा. लाज गिळून परत गेले. त्यांनी सगळे पुन्हा सांगितले, पण पहिल्या खेपेला जाळ्यात अडकलेला जो भाऊ होता तो दुसऱ्या खेपेला चुलत भाऊ झाला आणि मासळीचा ढीगही बराच वाढला. यात खोटेपणा होता असे मला वाटत नाही. ऐकणारा दुसऱ्यांदा आला म्हणजे गोष्ट मोलाची असणार, असे समजून त्यांनी ती जरा सजवून वाढली. साल, अंतर, नातेसंबंध अशा गोष्टी तेव्हापासून मी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पडताळून घेते आणि ढिगाच्या उंचीबद्दल वाद घालत नाही.

सगळ्यात अवघड ठरले ते दशावतारातल्या एका स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रियांच्या भूमिका करणाऱ्या, नटाशी झालेले बोलणे, आणि ते भाषेमुळे. तुळशीचे लग्न झाले की जत्रा सुरू होतात आणि या कंपन्या देवळादेवळांतून रात्रभर नाटके करतात. नाटकाची लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. डिसेंबरात मी देवळामागे त्यांच्या ट्रंकेजवळ बसून होते. छोट्या आरशात बघून ते स्वतःच रंग लावत होते आणि एकदा लुगडे नेसल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणे पूर्ण थांबवले, नुसती मान हलवत राहिले. जुलैत त्यांच्या पडवीत मात्र ते अस्सल मालवणीत गाभण म्हशीबद्दल आणि खताच्या भावाबद्दल सांगत होते. द्रौपदी सभेत काय बोलते, असे मी सहज विचारले. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला तो माणूस ताठ बसला, पदर नसलेल्या खांद्यावर हात गेला, आणि आवाज बदलला: ‘ज्या सभेत धर्मानेच मान खाली घातली, त्या सभेत मी न्याय कोणाकडे मागावा?’ पुढची पाच मिनिटे एकही मालवणी शब्द आला नाही. शेवटी आतून त्यांची बायको म्हणाली, ‘दरबार आता पुरे, भात निवता.’

हे सगळे मी शुद्ध पुस्तकी मराठीत उतरवले आणि त्यांना वाचून दाखवायला गेले. मी ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांना आधी वाचून दाखवते. बोलण्याच्या भरात निघून गेलेली एखादी गोष्ट त्यांना दुसऱ्या दिवशी नको असते आणि ती काढून टाकायची असते. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘ह्यो मी न्हय.’ माझ्या लेखात म्हशीबद्दल बोलणारा शेतकरी आणि सभेत उभी असलेली द्रौपदी एकाच भाषेत बोलत होती, म्हणजे ते ज्या उंबरठ्यावरून रोज रात्री ये-जा करतात तो उंबरठाच मी पुसून टाकला होता. तो मजकूर मी पुन्हा लिहिला. म्हैस मालवणीत राहिली, द्रौपदी तिच्या मराठीत गेली. सगळ्या वाचकांना सगळे शब्द कळणार नाहीत, हे मी मान्य केले आहे.

या वर्षी यादीत पहिले नाव त्याच देवगडच्या रापणकरांच्या मुलाचे आहे. वडिलांचा ढीग खरा किती होता ते सांगायला तो तयार आहे. मात्र रविवारपर्यंत लावणी उरकली नसेल तर गप्पा चिखलात उभे राहूनच होतील आणि रोपांची मूठ माझ्याही हातात असेल, असे त्याने आधीच बजावून ठेवले आहे.