मजुरीचा रकाना

१६ मार्च, रविवार

सकाळपासून गच्चीवर आईसोबत तूर उलथत होते. ताडपत्रीवर पातळ थर पसरायचा आणि पायाने ओळी ओढत जायचं, म्हणजे खालची तूर वर येते. आई मधूनच एक दाणा उचलते आणि दाताखाली धरते. कट्कन फुटला तर वाळला, नुसता दबला तर अजून एक ऊन. कॉलेजात ओलावा मोजायचं यंत्र आहे, मला ते वापरताही येतं. पण इथे गच्चीवर आईचा दातच खरा.

त्या दाताचं मी ऐकलं नाही म्हणून फेब्रुवारीत आम्ही विकलेल्या तुरीच्या दाळीची ११ पाकिटं परत आली. आभाळ आलं होतं, पोचवायची तारीख जवळ होती, आई म्हणत होती, "थांब पोरी, अजून दबते." मी भरडायला लावलं. आठ-दहा दिवसांनी दाळीला कुबट वास. ज्या काकूंनी सगळ्यात आधी पाकीट परत केलं त्यांच्या घरी मी स्वतः गेले, पैसे दिले आणि चूक आमचीच आहे असं सांगितलं. त्यांनी नवीन पाकिटाची ऑर्डर तिथेच दिली. त्या दिवशी परत येताना बसमध्ये मला रडू आलं.

हे सगळं सुरू झालं ते आठव्या सत्रातल्या अनुभवाधारित शिक्षणामुळे. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एखादा व्यवसाय प्रत्यक्ष चालवून पाहावा लागतो. आम्ही चार मैत्रिणींनी तुरीची दाळ घेतली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दाळ मिल आमच्या शेजारच्या गावातल्या बचत गटाकडे आहे. तूर आमच्या वावरातली, मिल तिथली, गिऱ्हाईक अकोल्यातलं. पहिले तीन आठवडे नाव, पाकिटाचा रंग आणि सादरीकरणाच्या स्लाइड यांतच गेले. तेव्हा वाटायचं, हाच स्टार्टअप.

खरी शिकवण मात्र मागच्या सोमवारी मिळाली.

कॉलेजातल्या मॅडमना आमचा खर्चाचा तक्ता दाखवत होते. एक क्विंटल तूर, भाव ७,२००. घरचीच असली तरी बाजारभाव लावलेला, तेवढं कळत होतं. दळणावळ ६००, पाकिटं २७२, बसचं भाडं १५०. चुरी-भुशीचे ३०० परत आले. दाळ निघाली ६८ किलो. म्हणजे किलोमागे साधारण ११६ रुपये ५० पैसे. विकतो १४० ला. क्विंटलमागे १,६०० च्या आसपास नफा. मी मनातून खूश होते.

मॅडमनी तक्ता वाचला आणि एवढंच विचारलं, "वाळवलं कोणी? निवडलं कोणी?"

"आईनं, काकूनं आणि वहिनीनं."

"मग त्या कुठे आहेत यात?"

मला उत्तर देता आलं नाही. शेतीच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरायची असते, हे मी परीक्षेत लिहून आलेय. ए-टू म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च, एफएल म्हणजे घरच्यांची मेहनत, दोन्ही मिळून ए-टू अधिक एफएल. सी-टूमध्ये त्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही येतं. हमीभावाचं भांडण यातूनच तर चालतं. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० होता, आणि आम्ही चौघी वसतिगृहात तावातावाने बोलायचो की शेतकऱ्याच्या मेहनतीची पुरेशी किंमत सरकार धरत नाही. स्वतःच्या तक्त्यात मी तीन बायकांची किंमत शून्य लिहिली होती. शून्यही नाही, रकानाच नव्हता.

तिघींचे दोन-दोन दिवस, २५० रुपये रोज. १,५००. नफ्यातून वजा केले तर १०० उरतात. आमचा व्यवसाय आईच्या पाठीवर चालला होता.

काल घरी आल्यावर हे आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "घरच्या कामाचे का कोनी पैसे मांगते का बाप्पा?" मी म्हटलं, हे घरचं काम नाही, विकायचं काम आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "तुह्या काकूले आधी दे. तिनं तं हरभऱ्याच्या मळणीचा रोज बुडवला होता."

हे मला माहीतच नव्हतं. काकूने कधी बोलूनही दाखवलं नाही.

रात्री मैत्रिणींशी फोनवर वाद झाला. मजुरी धरली तर किलोमागचा खर्च जवळपास १३८ रुपये ५० पैशांवर जातो, म्हणजे दाळ १६० ला विकावी लागेल. एकीचं म्हणणं, गिऱ्हाईक तुटेल, आत्ता मजुरी राहू दे, जम बसला की देऊ. ती काही चुकीचं बोलत नाही, भीती मलाही आहे. पण "जम बसला की" हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. कापूस विकला की, तूर निघाली की. आईची साडी नेहमी त्या "की" च्या पलीकडे असते. मी सांगितलं, मजुरी आधी. विकली नाही तर कमी भरडू.

आज संध्याकाळी तिघींना ५००-५०० दिले. वहिनीने लगेच पदराला गाठ मारली. काकूने नोटा दोनदा मोजल्या आणि विचारलं, "पुढच्या खेपेले कवा याचं?" आईने घेतले आणि देव्हाऱ्यात ठेवले. काही बोलली नाही, पण जेवताना मला दोनदा भाजी वाढली.

तक्ता नवीन लिहिला. तुरीच्या खालीच मजुरीचा रकाना, तिघींच्या नावानिशी. उद्या सकाळच्या बसने अकोल्याला जायचं. २३ घरी फोन करून नवा भाव सांगायचाय. पाकीट परत करणाऱ्या काकूंना पहिला फोन.