वेखंड समजून वाढवाल तर आयरिस सडेल

दाढीवाल्या बुटक्या आयरिसची, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसांची रांग असलेल्या ठेंगण्या फुलझाडाची, पानं पाहिली की मराठी घरातल्या माणसाला आधी वेखंड आठवतं. तशीच चपटी, तलवारीसारखी पानं एका ओळीत पंख्यासारखी उभी, आणि मुळाशी आल्यासारखा गाठीगाठीचा कंद. हे साम्य एवढं ठळक आहे की युरोपातल्या पाणथळ जागेतल्या पिवळ्या आयरिसचं शास्त्रीय नावच 'स्यूडॅकोरस' आहे, म्हणजे खोटं वेखंड. घोळ इथूनच सुरू होतो. वेखंडाला चिखल लागतो, म्हणून सवयीने याही कुंडीत रोज तांब्याभर पाणी पडतं आणि पंधरा दिवसांत कंदाचा लगदा होतो.

इंदूरला या झाडाची खरी अडचण ऊन नाही, ऊन त्याला हवंच असतं. घात करतो तो पावसाळा, आणि फूल अडवते ती आपली सौम्य थंडी. बाकीची सगळी काळजी या दोन गोष्टींभोवती फिरते.

बुटक्या दाढीवाल्यांत दोन गट पडतात. २० सेंटिमीटरपर्यंतचे ते 'मिनिएचर ड्वार्फ', आणि त्याहून उंच, साधारण ४० सेंटिमीटरपर्यंतचे 'स्टँडर्ड ड्वार्फ'. पहिल्या गटात आयरिस पुमिलाचं रक्त जास्त. ही मध्य युरोपपासून काळ्या समुद्राच्या आसपासच्या गवताळ माळांपर्यंत वाढणारी जात, कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा अंगवळणी पडलेली. दुसरा गट उंच बागायती आयरिस आणि पुमिला यांच्या संकरातून आला. उंचाची ४८ गुणसूत्रं, पुमिलाची ३२, म्हणून संकराची ४०. इंदूरला प्रयोग करायचाच असेल तर या ४० वाल्यांवर करा. मिनिएचर घेऊन मन मोडून घेऊ नका.

विकत घेताना कंद हातात धरून बघा. 'ड्वार्फ आयरिस' म्हणून छोट्या कांद्यासारखं, वरून जाळीदार साल असलेलं काही दिलं तर ते रेटिक्युलाटा, वेगळंच झाड. दाढीवाल्याचा कंद आडवा वाढतो, एका टोकाला पानांचा पंखा आणि पोटाला जाड मुळं. अंगठ्याएवढा तरी जाड असावा आणि दाबल्यावर बटाट्यासारखा टणक लागावा. सुरकुत्या चालतील, मऊपणा चालणार नाही. हिमाचल-काश्मीरकडून मागवलेला माल आधी दोन दिवस सावलीत कागदावर पसरून ठेवा. परदेशातून मागवायचा विचार असेल तर आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दोन कंद पाकिटात घालून पाठवायचा प्रकार कायद्यात बसत नाही.

आता माती. मालव्याची काळी माती गव्हा-हरभऱ्याला सोनं असेल, याला ती विष आहे. पावसात ती फुगते, हवा कोंडते. मे महिन्यात भेगाळते आणि भेगेबरोबर मुळंही तुटतात. त्यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे जमिनीत खड्डा खणून वाळू भरणं, आणि नेमका तोच सगळ्यात वाईट. आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही, त्यामुळे आळ्यातलं सगळं पाणी त्या वाळूत येऊन साचतं. जमिनीत लावायचं तर खाली न जाता वर या: फूटभर उंच वाफा, तळाला चार इंच विटांचे तुकडे, वर पुढे दिलेलं मिश्रण.

मला विचाराल तर कुंडीच बरी, कारण पावसाळ्यात ती उचलून नेता येते. दहा इंची मातीची कुंडी एका झाडाला पुरते. प्लास्टिकची नको, तिच्या भिंतीतून ओल उडत नाही. नर्सरीवाले पीली मिट्टी म्हणून देतात ती दोन तगाऱ्या, नर्मदेची जाडी वाळू दोन तगाऱ्या, सुपारीएवढे विटांचे तुकडे एक तगारी आणि वर्षभर मुरलेलं शेणखत अर्धी तगारी, एवढं एकत्र करा. वाळू आधी चाळा आणि चाळणीखाली पडलेली बारीक पूड बाजूला ठेवा, तीच भोकं बुजवते. दर कुंडीला दोन मोठे चमचे हाडांचा चुरा किंवा एक चहाचा चमचा सिंगल सुपर फॉस्फेट. युरिया, ताजं शेण, खळीचं (पेंडीचं) पाणी यातलं काही नाही. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, कंद पाणीदार होतो आणि सडीला आयतं खाद्य मिळतं. परदेशी पुस्तकांत चुना भुरभुरायला सांगतात तो तिकडच्या आम्ल मातीसाठी. आपली माती आधीच अल्कधर्मी आहे, चुन्याच्या भानगडीत पडू नका.

लावायची वेळ म्हणजे पाऊस उघडल्यावर, दसरा ते दिवाळी. फ्रिजची थंडी द्यायचे कंद मात्र डिसेंबरात, त्यांचं पुढे येतं. कुंडीच्या मध्ये मातीचा छोटा उंचवटा करा, त्यावर कंद घोड्यावर स्वार बसवावा तसा बसवा आणि मुळं दोन्ही उतारांवर पसरून त्यावर माती दाबा. कंदाची पाठ वर दिसली पाहिजे. थंड देशांत ती पूर्ण उघडी ठेवतात. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन भाजणारं असतं, म्हणून पाव इंच वाळू भुरभुरली तर हरकत नाही. त्याहून खोल गाडला तर फूल विसरा. एक बारकावा असा की कंद ज्या बाजूला पंखा आहे त्याच दिशेने पुढे सरकतो. म्हणून उघडं टोक कुंडीच्या काठाला आणि पंखा मध्याकडे ठेवा, नाहीतर वर्षभरात झाड भिंतीला धडकतं.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी. मग तीन आठवडे दर पाच-सहा दिवसांनी, नवी मुळं धरेपर्यंत. पंखा हलकेच ओढून बघा. झाडाने विरोध केला तर मुळं धरली. त्यानंतर बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागल्याशिवाय पाणी नाही. पाणी सकाळी, कडेने, पंख्याच्या मध्यात न साचेल असं. मार्चअखेरपर्यंत ऊन रोज सहा तास तरी हवंच. तोवर दिवसभरही चालतं, एप्रिल-मेमध्ये अकरापर्यंतचं पुरे, पुढे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. उन्हाळ्यात पानांची टोकं वाळून झाड थांबल्यासारखं दिसतं. ते झोपलंय, तहानलेलं नाही. जास्त पाणी द्यायचा मोह इथेच होतो.

थंडीचं गणित जरा किचकट आहे. 'शब-ए-मालवा' म्हणून आपल्या रात्रींचं कौतुक होतं, पण डिसेंबर-जानेवारीत पारा रात्री दहा अंशांच्या आसपास, एखाद्या लाटेत पाच-सहापर्यंत आणि दुपारी पुन्हा पंचवीसच्या वर. बुटक्या आयरिसच्या कंदात फुलाचा कोंब तयार व्हायला सलग कित्येक आठवडे थंडी लागते, आणि मध्येच आलेली गरमी झालेलं काम पुसू शकते. म्हणून नुसत्या आपल्या हिवाळ्यावर विसंबलं तर पानं येतील, फूल बहुधा नाही. यावर उपाय फ्रिजचा.

ऑक्टोबरच्या मध्यात तयार कंद घ्या, सहा-सात पानांचा पंखा असलेला. कोवळ्या पिल्लाला थंडी देऊन उपयोग नाही. पानं चार इंचांवर तिरकी कापा, कंद जेमतेम दमट कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत ठेवा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठ आठवडे राहू द्या. कोकोपीट मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, टोमॅटो नकोत, कारण पिकणाऱ्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू आतला कोंब मारतो. घरात सगळ्यांना सांगून ठेवा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर एखाद्या सकाळी ते आलं म्हणून चहात जाईल, आणि आयरिसचा कंद पोटाला बाधतो. दर दहा दिवसांनी उघडून बघा, पांढरी बुरशी दिसली तर पुसून एक दिवस हवेवर ठेवा. डिसेंबरच्या मध्यात कुंडीत लावा. तोवर इंदूरची दुपार सौम्य झालेली असते, म्हणून मिळवलेली थंडी वाया जात नाही. फूल फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. कंद दरवर्षी उपटून फ्रिजमध्ये घातला तर दमतो, म्हणून दोन तुकड्या ठेवा: एक यंदा फ्रिजात, दुसरी कुंडीत आराम करणारी.

फूल आलं तर वाकून बघा, उंची फार तर दोन वीत असते. तीन पाकळ्या वर घुमटासारख्या मिटलेल्या, तीन खाली कललेल्या, आणि खालच्या प्रत्येकीच्या मध्यावर केसांची रांग. हीच ती दाढी. प्रत्येक दाढीवर झाकण असल्यासारखा स्त्रीकेसराचा पापुद्रा, त्याच्या पोटाला चिकटून एकुलता एक पुंकेसर. मधमाशी दाढीवरून चढत आत घुसते आणि परागकण पाठीवर घेऊन बाहेर पडते. फूल दोन-तीन दिवस टिकतं, दांड्यावर दोन ते चार कळ्या पाठोपाठ उमलतात. ज्या कंदाला फूल आलं त्याला पुन्हा कधीच येत नाही. पुढची फुलं त्याच्या बाजूच्या पिल्लांवर. त्यामुळे 'मागच्या वर्षी फुललं, यंदा नाही' म्हणून जुन्या गाठीकडे बघत बसण्यात अर्थ नाही.

जूनमध्ये पहिली सर येण्याआधी कुंड्या उचला. गॅलरीत, ओट्यावर छपराखाली, पॉलिकार्बोनेट पत्र्याखाली, कुठेही. उजेड भरपूर आणि वारा चारही बाजूंनी खेळता हवा. प्लास्टिकचा तंबू करू नका, आतली वाफ पावसाहून वाईट. कुंडी दोन विटांवर, विटांमध्ये फट ठेवून. सप्टेंबरअखेरपर्यंत दहा-बारा दिवसांनी एखादा पेला पाणी पुष्कळ झालं. वाळलेली पानं लगेच काढून टाका, ती ओल धरतात.

तरीही सड येते. मधलं पान पिवळं पडतं, ओढलं की सहज हातात येतं, बुडाशी तपकिरी ओलसर आणि सडक्या बटाट्यासारखा वास. कंद दाबला तर साल शाबूत, आत खीर. हा जिवाणू आहे, बुरशीनाशक मारून भागत नाही. कंद उपटा आणि स्टीलच्या चमच्याने मऊ भाग खरवडा, पांढरा टणक गर लागेपर्यंत. अर्धवट खरवडलं तर आठवड्यात पुन्हा तेच. घरगुती ब्लीचचा एक भाग, पाण्याचे नऊ, त्यात अर्धा तास बुडवा, मग दोन दिवस उन्हात वाळवा. चमचाही त्याच पाण्यात धुवा, नाहीतर पुढच्या कुंडीला रोग तुम्हीच वाढाल.

बुडाशी पांढरे धागे आणि त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती वेगळी बला, स्क्लेरोशियम बुरशी. तिथे कंद वाचवण्याच्या भरीला पडू नका. कंद आणि माती दोन्ही कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही, कारण ते दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. वाफ्यात लागण असेल तर मे महिन्याचं ऊन कामाला लावा: माती भिजवून पातळ पारदर्शक प्लास्टिकने झाकायची, कडा मातीत दाबायच्या, पाच-सहा आठवडे तसंच ठेवायचं. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच खाली जास्त तापतं. इंटरनेटवर भीती घातलेली 'आयरिस बोअरर' अळी उत्तर अमेरिकेतली आहे, तिच्यासाठी औषध आणू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण लपतो, त्याला साबणाच्या पाण्यात बुडवलेला कापूस पुरतो.

फुलं सरल्यावर दांडा बुडाशी कापा, हिरवी पानं मात्र राहू द्या. पुढच्या फुलाची शिदोरी तीच कंदात भरतात. लगेच चमचाभर सुपर फॉस्फेट कडेने, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी नेहमीसारखं. दोन-तीन वर्षांनी कुंडी दाटली की ऑक्टोबरमध्ये उपटून पिल्लं धारदार सुरीने वेगळी करा, काप दोन दिवस सावलीत सुकू द्या. मधली जुनी, पानं नसलेली गाठ फेकून द्या, तिच्यासाठी नवी कुंडी अडवू नका.