आमची वाटचाल : काचेवरचं नाव सरळ यावं म्हणून

लग्नसराईत भांडी घेतली की लगेच त्यांवर नाव घालून घ्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आमचं घर त्याच कामावर उभं राहिलं. आप्पा जळगावात भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून विजेच्या पेनानं तांबे, डबे, पराती यांवर ‘सप्रेम भेट’ कोरायचे. तांब्या मांडीवर धरायचा, डाव्या हातानं हळूहळू फिरवायचा, उजव्या हातानं अक्षर काढायचं. गोलाई आपोआप सांभाळली जायची, कारण हात भांड्याच्या अंगानं चालतो. पुढे आम्ही भावंडांनी रबरी शिक्के, नेमप्लेट, ट्रॉफ्या असं करत सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरचं कोरकामाचं मशीन घेतलं. तेव्हा कळलं, की आप्पांचा डावा हात जे करत होता ते मशीनला कुणीतरी करून द्यावं लागतं.

काचेच्या कामाची मागणी आमच्याकडे मुख्यतः निवृत्तीच्या समारंभांतून आली. भुसावळला रेल्वे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र, आणि जिल्हाभर शिक्षक. सरकारी माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यातही ३१ मे हा सगळ्यांत मोठा दिवस, कारण त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत १ जून लिहिलेली आहे, आणि एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे आमचं सर्वांत जास्त काम मे महिन्याच्या शेवटी, खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर असताना. लेझरचा किरण ज्या काचनळीत तयार होतो, तिला गार ठेवणारं पाणी २५ अंशांच्या आसपास राहिलं तर नळी टिकते. हे पाणी गार करणारं यंत्र म्हणजे चिलर. मशीनसोबत बऱ्याचदा मिळणारा सीडब्ल्यू-३००० हा चिलर नुसता पंखा आणि जाळी आहे, खोलीच्या तापमानाच्या खाली तो पाणी नेऊच शकत नाही. म्हणून कॉम्प्रेसर असलेला सीडब्ल्यू-५००० बसवला. जळगाव-धुळ्याकडे कुणी हे मशीन घेत असेल तर चिलरचे पैसे आधी बाजूला काढा, असं मी आवर्जून सांगते.

आता मूळ मुद्दा, गोल काचेचा. या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. उजेड काचेतून आरपार जातो, हा किरण जात नाही. काच तो पृष्ठभागावरच शोषून घेते, तिथं बारीक चिरा पडतात आणि तोच पांढरा दुधी ठसा आपल्याला अक्षर म्हणून दिसतो. आमची लेन्स ५०.८ मिमी फोकल लांबीची. फोकसच्या वर-खाली साधारण एक-दीड मिमीपर्यंत काम स्वच्छ येतं, त्यापुढे अक्षर पसरतं. ७० मिमी व्यासाचा ग्लास आडवा ठेवला आणि मजकूर २० मिमी रुंद असला, तर मधला भाग कडेपेक्षा सुमारे १.५ मिमी उंच असतो. फोकस या दोन्हींच्या मध्ये धरला की निभतं. मजकूर ३० मिमीचा केला की हाच फरक ३.४ मिमी होतो. म्हणून आमचा नियम असा: छोटं नाव किंवा चिन्ह जिगवर, म्हणजे ग्लास ठरल्या जागी धरणाऱ्या साच्यावर; भोवताली जाणारा पट्टा रोटरीवर, म्हणजे ग्लास फिरवणाऱ्या जोडयंत्रावर.

जिग म्हटलं की सगळे व्ही-ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा, सुचवतात. एकच ग्लास असेल तर तो उत्तम. पण पन्नास ग्लासांच्या ऑर्डरीत सगळ्यांचा व्यास सारखा नसतो, साध्या बाजारी काचेत एक-दोन मिमीचा फरक सहज असतो. ९० अंशांच्या व्हीमध्ये व्यास २ मिमीनं वाढला की ग्लासाचा माथा २.४ मिमी वर येतो. म्हणजे सपाट पाटावर ठेवण्यापेक्षाही जास्त. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका फिटरकाकांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, “ताई, काम वरच्या बाजूला, मग माप खालून कशाला धरता?”

या एका प्रश्नातून आमचं जिग तयार झालं. चार पायांवर एक ठरलेल्या उंचीची चौकट. तिच्यात ३ मिमी जाडीच्या दोन ॲक्रिलिक पट्ट्या, मध्ये ४० मिमी मोकळी जागा. ग्लास खालून येतो आणि स्प्रिंगवर बसवलेली गादी त्याला पट्ट्यांकडे वर दाबते. ग्लासाचा माथा पट्ट्यांच्या खालच्या कडेपासून सहाएक मिमी वर येतो, म्हणजे पट्ट्यांच्या वर तीनएक मिमी डोकावतो. ७० मिमीचा ग्लास काढून ७२ चा लावला तरी माथ्याच्या उंचीत फरक पडतो अवघा ०.२ मिमी. फोकस सकाळी एकदा लावायचा, मग दिवसभर हात लावायला नको. तोंडाकडे एक आडवी पट्टी ठोकली आहे, ग्लास तिला भिडला की नाव प्रत्येकावर त्याच उंचीवर येतं. कपाचा कान खाली, गादीच्या खाचेत.

निमुळत्या ग्लासासाठी पट्ट्या समांतर ठेवत नाही. तोंडाशी व्यास ७० आणि बुडाशी ६० असेल तर तोंडाकडे ४० आणि बुडाकडे ३७ मिमी अंतर धरतो. मग माथ्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट राहते.

एवढी काळजी कशासाठी, असं इंग्रजी नावं छापणारे विचारतात. देवनागरीला शिरोरेखा आहे. सुट्या रोमन अक्षरांत अंशभर तिरकेपणा लपून जातो, शिरोरेखा मात्र तो लगेच दाखवते. ग्लासाची कड वर, शिरोरेखा खाली, दोन रेघा शेजारी शेजारी. गिऱ्हाईक ग्लास डोळ्यांसमोर धरतं आणि क्षणात म्हणतं, “नाव वाकडं दिखस भो.” रोलरच्या रोटरीवर तर निमुळता ग्लास फिरता फिरता बाजूला सरकतो आणि रेघ मळसूत्रासारखी चढते. तिथंही टेकू देऊन माथा सपाट करावाच लागतो.

काचेबद्दल थोडं. साध्या सोडा-लाइम काचेवर ठसा छान पांढरा उठतो, बोरोसिलिकेटवर (उष्णता सोसणाऱ्या काचेवर) तो फिका येतो, हे ऑर्डर घेतानाच सांगतो. रिझोल्यूशन ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) वर नेत नाही. ठिपके एकमेकांवर चढले की काचेचे पापुद्रे सुटतात. कोरण्याआधी भांडी घासायच्या लिक्विडचा पातळ हात फिरवला की उष्णता पसरते आणि कड नीट येते. नंतर हातमोजे घालून घासणीनं कच काढायची आणि धुवायचं, नुसत्या बोटानं कधीच नाही. ओठ टेकतात त्या कडेजवळ आम्ही काही कोरत नाही, कितीही आग्रह झाला तरी. टफन्ड (प्रक्रिया करून कडक केलेला) ग्लास तर घेतच नाही. त्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडला की तो तडकून त्याचा चुरा होऊ शकतो.

सध्या लोणच्याच्या काचेच्या बरण्यांवर नावं हवीत अशी मागणी येते आहे. बरणीचं पोट दोन्ही अंगांनी गोल, तिथं दोन पट्ट्या पुरत नाहीत. त्यासाठी गोल भोकाची प्लेट कापली आहे. बरणीचं पोट खालून त्या भोकात बसतं आणि गणित तेच राहतं. फक्त गादीची स्प्रिंग जड लागते, कारण बरणीचं वजन ग्लासापेक्षा बरंच जास्त. ती स्प्रिंग फिटरकाकांकडून बनून यायची आहे.