स्टालिनग्राडच्या माळावर, तोफवाल्या बॉम्बरच्या मागावर

व्होल्गोग्राड म्हणजेच पूर्वीचं स्टालिनग्राड. मी गेलो तेव्हा तिथल्या विमानतळाचं नाव होतं गुमराक (२०२५मध्ये त्याला 'स्टालिनग्राड' हे नाव दिलं गेलं). युद्धाचा इतिहास वाचणाऱ्याला हे नाव ऐकून दचकायला होतं. वेढ्यात सापडलेल्या जर्मन सहाव्या सैन्याची रसद १९४३च्या जानेवारीत इथे आणि जवळच्या पितोमनिकला उतरायची. १६ जानेवारीला पितोमनिक पडलं, त्यानंतर आठवडाभरात गुमराकही गेलं. आज तिथेच आपल्या बॅगा पट्ट्यावर फिरतात.

युक्रेनचं युद्ध पेटण्याआधीचा हा प्रवास. मामायेव कुर्गान या टेकडीवरचा ८५ मीटर उंचीचा मातृभूमीचा पुतळा, गोळ्यांनी चाळण झालेली लाल विटांची गिरणी, जर्मन सेनापती पाउलस पकडला गेला ते दुकानाखालचं तळघर, हे सगळं पाहिलं. ज्या लढाईवर मराठीत पोवाडा झाला तिथे हे चुकवून कसं चालेल? पण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला ओढ होती ती शहराबाहेरच्या माळाची, आणि त्याला कारण होतं 'हाइन्केल हे-१७७' नावाचं जर्मन विमान.

जर्मनीने लढाईत खरोखर वापरलेलं हे एकमेव लांब पल्ल्याचं जड बॉम्बर. पंखांचा पसारा ३१ मीटरांहून जास्त. बघणाऱ्याला इंजिनं दोनच दिसत, प्रत्यक्षात होती चार. एका जुवाला दोन बैल जुंपावेत तशी दोन-दोन इंजिनं जोडून एकेका पंख्याला लावलेली. हा खटाटोप कशासाठी? तर एवढ्या धुडाने सूर मारून बॉम्ब टाकावेत, असा वरिष्ठांचा हट्ट होता. चार पंखे लावले तर हवेचा अडथळा वाढणार, म्हणून ही जोडणी. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने १९४२च्या सप्टेंबरात हा हट्ट सोडला, तोवर विमान त्याच्याभोवती घडून बसलं होतं. इंजिनं इतकी दाटीवाटीने बसवलेली की गळलेलं तेल आवरणाच्या तळाशी साचायचं, तापलेल्या धुराड्याला लागायचं आणि भडका उडायचा. वैमानिक त्याला 'लायटर' म्हणायचे.

पितोमनिककडे जायला टॅक्सी ठरवली. दुभाषा म्हणून लातूरकडचा एक मुलगा सोबत आला. इथल्या वैद्यकीय विद्यापीठात आपली बरीच मुलं शिकतात. शहर सुटलं तसं दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं गवत. झाड नाही, टेकडी नाही. ड्रायव्हरने खुणेनं बजावलं, दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वारा खरंच दार हिसकावून नेत होता.

"काका, हितं बघायला काय हाय? गवतच की सगळं," मुलगा म्हणाला.

गवतच होतं. पण या माळावर विमानविरोधी तोफा मांडून बसलेले रशियन वरून लख्ख दिसत असणार, आणि खालून वरची विमानंही. लपायला दोघांनाही जागा नाही. रसदीची विमानं इथून जाताना टिपली जायची. सुमारे ७०० किलोमीटरवरच्या युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाहून 'हे-१७७' विमानांची तुकडी मदतीला पाठवली गेली. सामान त्यात फारसं मावेना, जखमींना झोपवायला जागा नाही. मग त्यांना पुन्हा हल्ल्याच्या कामाला लावलं. १३ मोहिमांत सात विमानं आगीने गेली, त्यातलं एकही शत्रूने पाडलेलं नव्हतं!

तोफेची कल्पना याच गरजेतून आली. आधी काही विमानांच्या नाकाखालच्या फुगवट्यात ५० मिलिमीटरची तोफ बसवली, जमिनीवरच्या विमानविरोधी तोफा दाबून टाकायला. पुढे त्याच जागी ७५ मिलिमीटरची. ही मूळची रणगाडाभेदी पाक ४०, चाकांवर ओढून न्यायची. तिचं एक अख्खं काडतूस जवळपास मीटरभर लांब आणि सुमारे १२ किलोचं. जमिनीवर ती मागचे पाय मातीत रोवून धक्का सोसते. हवेत रोवणार कशात? तो धक्का विमानाच्या सांगाड्यालाच घ्यावा लागायचा. अशी पाचच विमानं झाली. त्यांना नाव पडलं 'स्टालिनग्राड प्रकार'.

माझं मत विचाराल तर दोष तोफेचा नव्हता. इंजिनाची आग विझेना, तिथे रोज नवं काम गळ्यात बांधायचं: सूर मार, सामान वाहा, आता तोफ डाग. तीच ७५ची तोफ नंतर हेन्शेल १२९ या लहान, चिलखती विमानाला लावली, आणि तिथे ती रणगाडे फोडण्याच्या कामी आली. तशी विमानंही दोन-अडीच डझनच निघाली म्हणा.

परतताना रोसोश्काच्या दफनभूमीत थांबलो. रस्त्याच्या एका अंगाला सोव्हिएत सैनिक, दुसऱ्या अंगाला जर्मन. सोव्हिएत बाजूला दगडांवर खरी शिरस्त्राणं ठेवलीत. एकाच्या कपाळावर अंगठा जाईल एवढं भोक, कडा आत वळलेल्या, गंजाने पापुद्रे सुटलेले. जर्मन बाजूला ग्रॅनाइटचे मोठे ठोकळे आणि त्यांवर बेपत्ता झालेल्यांची बारीक अक्षरातली नावं. मुलगा बराच वेळ नावं वाचत होता. मग त्याने विचारलं, "काका, त्यातलं एखादं इमान कुठं ठेवलंय का?"

अख्खं एकही नाही. फ्रान्समध्ये हाती लागलेलं एक १९४४ला इंग्लंडला फार्नबरोला नेलं होतं, एरिक ब्राउन या ब्रिटिश चाचणी वैमानिकाने ते चालवूनही पाहिलं. तेही पुढे भंगारात गेलं.

कुणाला जायचं असेल तर टॅक्सी येण्याजाण्याची आणि थांबण्याची एकत्रच ठरवा, आणि कानटोपी न्या.