तुमच्या घरात कुणाला झाला होता का?

नाही. माझ्या आईला कर्करोग झालेला नाही, सासूबाईंना झालेला नाही, मला स्वतःला झालेला नाही. आणि गारगोटीच्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी भरल्या गळ्याने ज्या मावशीचा उल्लेख केला, ती मावशी मला नाहीच. व्याख्यान संपून चहा फिरू लागला की कुणी ना कुणी जवळ येऊन, आवाज उतरवून हा प्रश्न विचारतेच, आणि मी ‘नाही’ म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसते. आपल्या भागात सर्पदंशावर बोलणारे डॉक्टर आहेत, क्षयरोगावर बोलणारे आहेत. त्यांना कुणी ‘तुमच्या घरात कुणाला साप चावला होता का’ असे विचारत नाही. कर्करोगावर बोलणाऱ्या बाईच्या घरात मात्र दुःख असलेच पाहिजे, नाहीतर ती दवाखाना सोडून रविवारी कागल-शिरोळच्या गावांत हिंडते कशाला, असा सगळ्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब जुळला नाही की दुसरा मांडला जातो. निवडणुकीची हवा सुरू झाली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानदारापासून रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत सगळे ‘काय मॅडम, उभारणार काय?’ असे विचारतात. तिसरा तर्क कुणी तोंडावर बोलत नाही, पण तो माझ्याच व्यवसायातल्या मंडळींचा आहे, की शिबिरे घेतली म्हणजे शस्त्रक्रिया मिळतात. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. शिबिरात गाठ सापडलेल्या बायकांपैकी काही माझ्याकडेच उपचाराला येतात, आणि ज्यांचा खर्च शासकीय योजनेत बसत नाही त्यांच्याकडून मी पैसे घेते. मला त्याची लाज वाटत नाही, आणि ती वाटावी असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालण्याचा आता कंटाळा आला आहे.

घराचाच विषय निघाला आहे म्हणून हेही सांगते, की माझी आई गडहिंग्लजला असते, तिने ऐंशी ओलांडली आहे आणि ती रोज सकाळी मिश्री लावते. लेक गावोगाव तंबाखूविरुद्ध बोलते हे तिला माहीत आहे, वर्तमानपत्रातली कात्रणे ती जपूनही ठेवते, आणि मिश्रीची डबी त्याच कपाटात असते. ‘तुझी आजी नव्वदीला गेली, ती काय मिश्रीनं गेली?’ असे ती विचारते. प्रत्येक गावात कुणीतरी हेच विचारते, आणि त्यांना मी सांगते की धोका वाढणे म्हणजे प्रत्येकाला रोग होणे नव्हे; दाढेमागचा पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम घेऊन जे येतात त्यांच्याकडे पाहा, जे वाचले त्यांच्याकडे पाहून हिशेब करू नका. आईला हे वाक्य पटत नाही. तेव्हा माझ्या घरातली परिस्थिती ही अशी आहे. ज्यांना करुण कथा हवी होती त्यांच्या हाती हे एवढेच लागेल.

मात्र हा प्रश्न मला इतका का टोचतो, याचे कारण वेगळे आहे. ते मी व्यासपीठावरून कधी सांगितलेले नाही. आता लिहिताना गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

करवीर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या अध्यक्षा होत्या. गाव त्यांना आक्का म्हणत असे, मीही म्हणू लागले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, दोन मुली, दीड एकर ऊस, आणि माणसे गोळा करण्याची अशी हातोटी, की भांगलणीच्या दिवसांत दुपारी बायका मिळत नाहीत म्हणून त्यांनी रात्री जेवणे उरकल्यावर विठ्ठल मंदिरात कार्यक्रम ठेवला आणि देऊळ भरून दाखवले. पुरुषांना त्यांनीच बाहेर पारावर बसवले. मी त्या रात्री फार चांगले बोलले, असे मला तेव्हा वाटले होते. दुखत नाही म्हणून स्तनातली गाठ साधी असते असे नाही, तपासणीची सुई टोचल्याने किंवा ‘वारे लागल्याने’ रोग पसरत नाही, गाठ लहान असतानाच सापडली तर रोग बरा होऊ शकतो, हे सगळे सांगितले. आणि आई किंवा बहिणीला झाला असेल तर मुलींनी अधिक लवकर सावध व्हावे, हेही सांगितले.

पुढच्याच आठवड्यात आक्का वडाप करून काही बायकांना माझ्याकडे घेऊन आल्या. ज्या भीत होत्या त्यांच्याबरोबर आत आल्या, ज्या लाजत होत्या त्यांचे पदर त्यांनीच सावरले. शेवटची बाई तपासून झाल्यावर मी म्हटले, ‘आक्का, आता तुम्ही.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘माझं काय न्हाई ओ. मला काय हुतंय? ह्यांचं बगा आदी.’ त्या बायकांपैकी एकीची गाठ खरोखर कर्करोगाची निघाली, ती लहान होती, तिच्यावर वेळेत उपचार झाले आणि ती आज तिच्या म्हशींचे दूध डेअरीला घालते. पुढे बराच काळ मी प्रत्येक भाषणात या गावाचे उदाहरण देत होते.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता आक्का धाकट्या जावेबरोबर आल्या. पदराखाली हळद लावलेले कापड होते. ते काढण्याआधीच वासावरून मला कळले. गाठ त्वचा फोडून बाहेर आली होती, काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटल्या होत्या. किती दिवसांपासून आहे असे मी विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘देवळातल्या भाषणाच्या आदीपास्नं.’

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण त्यात ‘सगळे माहीत असताना’ हे शब्द होते. त्यांचे उत्तर मला शब्दशः आठवते. ‘माहीत हुतं म्हणूनच आलो न्हाई. तुमीच म्हटलासा न्हवं, आईला असंल तर लेकीनं सावध ऱ्हावं म्हणून? सगळं गाव ऐकत हुतं. थोरलीला इचलकरंजीचं स्थळ आल्यालं. बघाय आल्यालं लोक पैलं काय इचारत्यात? घरात कुणाला काय हाय का. कोड, फिट, टीबी, आन् आता ह्ये. मी दवाखान्याची पायरी चढलो असतो तर स्थळ ऱ्हायलं असतं व्हय?’

लग्न वैशाखात झाले. त्यानंतर आषाढाला लेक माहेरी येणार होती, म्हणून आषाढ गेला. नंतर नव्या घरात तिचा जम बसू दे म्हणून श्रावण आणि भाद्रपद गेले. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन असा उपचारांचा क्रम ठरला, आणि त्यातले बरेचसे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाले. फायलीवर काय लिहिणार, ती कोण कोण बघणार, हे त्यांनी मला दर वेळी विचारले. केस गेले तेव्हा त्यांनी गावात टायफॉईड झाल्याचे सांगितले. टायफॉईडने केस गळतात हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी शंका घेतली नाही. पुढच्या वर्षी रोग यकृतात पोहोचला, डोळे पिवळे झाले, आणि त्या गेल्यावर काविळीने गेल्या असे गावाने ठरवले. ज्या गावाचे उदाहरण देऊन मी जिल्हाभर बोलत होते, त्या गावाच्या लेखी तिथे कर्करोगाने कुणीही मेलेले नाही.

आता तुमचा प्रश्न पुन्हा वाचून पाहा. तुम्ही तो सहानुभूतीने विचारता, हे मला कळते. पण बघायला आलेले लोक विचारतात तो प्रश्न आणि तुमचा प्रश्न यांत मला फरक करता येत नाही. दोघांच्याही मते हा रोग माणसाला होत नाही, घराण्याला होतो.

देवळातले ते आई-लेकीचे वाक्य मी म्हणायला नको होते का? माझ्याबरोबर शिबिरांना येणाऱ्या तरुण डॉक्टर सहकारी म्हणतात, की आनुवंशिकतेचा मुद्दा गावातल्या भाषणातून काढून टाका, तो दवाखान्याच्या बंद खोलीत सांगण्याचा आहे. मी त्यांच्याशी सहमत नाही. ते वाक्य चूक नव्हते आणि आजही नाही. स्तनांच्या कर्करोगापैकी सुमारे पाच ते दहा टक्केच आनुवंशिक जनुकीय दोषातून होतात, पण ज्या घरात तो दोष असतो तिथल्या मुलींना वेळेवर माहीत असणे हाच त्यांचा बचाव आहे. आणि बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या ज्या दोन जनुकांचा शोध १९९४ आणि १९९५ मध्ये लागला, त्यांतला दोष आईकडून जसा येतो तसाच वडिलांकडूनही येतो. हे मी आता मुद्दाम सांगू लागले आहे, कारण दोष नेहमी मुलीच्या आईच्या पदरात टाकला जातो. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात हे ऐकल्यावर मागे बसलेल्या एका गृहस्थांनी उठून विचारले, ‘म्हंजे आता पोराकडच्यांनाबी इचारायचं म्हणा की!’ सगळे हसले, मीही हसले, आणि परतताना गाडीत माझ्या लक्षात आले की लग्नाच्या बाजारात विचारायला मी आणखी एक प्रश्न देऊन आले आहे.

पंधरा वर्षांपूर्वीच्या मला हे पटले नसते. बाईला माहिती द्या, बाकी ती बघून घेईल, असे तेव्हाची मी तावातावाने सांगत असे. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक कामगार बायकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्येच आले होते. ज्यांना स्वतःची स्तनतपासणी शिकवली आणि ज्यांना शिकवली नाही, त्या दोन्ही गटांत मृत्यू सारखेच निघाले. शिकलेल्यांमध्ये निरुपद्रवी गाठींच्या तपासण्या तेवढ्या वाढल्या. मी ते वाचले होते आणि तो चीनचा अभ्यास आहे म्हणून बाजूला ठेवले होते. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे १९९८ पासून वस्त्यांतल्या दीड लाख बायकांपैकी निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली. रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र घट दिसली नाही, आणि आक्का पन्नाशीच्या आतल्या होत्या, हेही सांगायला हवे. यांची तुलना ज्या उरलेल्या निम्म्या बायकांशी केली, त्यांना एकदा कर्करोगाची माहिती सांगण्यात आली होती. म्हणजे मी रविवारी जे करत होते तेच.

तरीही मी बोलणे सोडलेले नाही, आणि ते का सोडले नाही याचे निर्विवाद उत्तर माझ्याकडे नाही. बोलल्याशिवाय कुणी तपासणीला येत नाही, हे एक कारण आहे. मला बोलायला आवडते, हेही आहे. बदल झाला तो बाकीच्या व्यवस्थेत. आता भाषण लहान असते आणि शेजारच्या खोलीत तपासणी तिथल्या तिथे होते. ज्यांना शंका आहे त्यांनी या, असे आम्ही म्हणत नाही. तिशीच्या पुढच्या सगळ्याच बायका आत जातात, कारण सगळ्याच गेल्या की आत जाणे ही कबुली ठरत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातही २०१६ पासून तीस ते पासष्ट वयाच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी असेच म्हटले आहे; कागदावर ते फार नीट लिहिलेले आहे. निकाल आम्ही खोलीत कुणालाही सांगत नाही. सगळ्यांना सारखीच चिठ्ठी मिळते आणि सगळ्यांनाच दुसऱ्या दिवशी फोन जातो, ज्यांना काही झालेले नाही त्यांनाही. आशाताईंना हे दुप्पट काम वाटते आणि त्यांचे बरोबर आहे. ही पद्धत तेव्हा असती तर आक्का आत आल्या असत्या का? कधी वाटते आल्या असत्या, कधी वाटते त्यांनी त्या रात्री चहाची व्यवस्था बघायला जाते म्हणून वेळ मारून नेली असती.

थोरल्या मुलीला मी त्यांच्या पश्चात दोनदा निरोप पाठवला. तिला आज मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, गरज नाही, ते वय अजून लांब आहे. पण घरातला इतिहास नोंदवून पुढे कधी आणि कोणती तपासणी करायची, हे एकदा ठरवून ठेवायला हवे. तिने फोनवर विचारले, ‘मॅडम, माझ्या फायलीवर आईचा आजार लिहावा लागेल का?’ मी हो म्हटले, कारण ते लिहिल्याशिवाय त्या तपासणीला अर्थ नाही. ‘मग सासरी विचारून सांगते,’ असे ती म्हणाली. ती अजून आलेली नाही.