ताडोब्यात ससा बघायलाही थांबा ना

मार्चमध्ये ताडोब्याला जाऊन आलो. नागपूरहून मोहर्लीपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ऊन मरणाचं. वाघही दिसला, पण त्याचे फोटो सगळेच टाकतात, मला सशाबद्दल लिहायचंय.

सकाळच्या सफारीत गाइडने हळूच बोट दाखवलं, रस्त्याकडेच्या वाळक्या गवतात ससा दबून बसला होता. कान पाठीला चिकटलेले, फक्त नाक तेवढं थरथरत होतं आणि मानेवरचा काळा डाग स्पष्ट दिसत होता. त्याच्या मागेच एक पळस, अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं, त्यावर मैना आणि बुलबुलांचा कलकलाट. मी कॅमेरा काढतोय तोवर मागच्या सीटवरून आवाज आला, "ससा काय बघायचा, चला पुढे, वाघ जाईल!" आणि जिप्सी हलली. खरंच संताप आला.

दुपारी मुक्कामाजवळच्या पळसाखाली फुलं पडली होती, एक उचलून बघितलं तर देठाकडची वाटी काळपट, मखमली, अगदी त्या सशाच्या मानेसारखी. पण दोघांचं जगणं किती उलटं! पळसाला जागचं हलता येत नाही, म्हणून परागीभवनासाठी पाखरांना लांबून दिसेल असं फुलायचं, आणि ससा पळण्यात एवढा तरबेज असूनही आधी दिसायचंच नाही म्हणून अगदी पाय पडेपर्यंत जागचा उठत नाही. आपला हा रानससा बीळही खोदत नाही. पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, गवतातच लपून राहतात, म्हणजे गवत हेच त्यांचं घर.

आणि पळस फुलायच्या दिवसातच विदर्भात वणवे सुरू होतात, कित्येकदा मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून माणसंच झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. पळस एकवेळ सोसतो, मुळापासून परत फुटतो. गवतातल्या पिल्लांनी कुठे जायचं? वाघाएवढं ह्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

जायचं असेल तर पळस फुललेला असतानाच जा, नंतर नुसत्या चपट्या शेंगा लटकतात. आणि गाडीत बसायच्या आधीच सोबतच्यांना सांगून ठेवा, ससा दिसला की पाच मिनिटं थांबायचं, मी तर आता ते कबूल केल्याशिवाय कुणाबरोबर जिप्सी शेअर करणार नाही.